टर्मिनलमधली रांग आटोक्यात कशी ठेवायची: मोजणीपासून रोजच्या कामापर्यंत

डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली विमानतळाच्या टर्मिनल ३ वरच्या गर्दीचे फोटो देशभर फिरले. दारापासून सुरक्षा तपासणीपर्यंत नुसती माणसंच माणसं. तेव्हाचे नागरी विमान वाहतूक मंत्री ज्योतिरादित्य सिंधिया १२ डिसेंबरला स्वतः टर्मिनलवर गेले. त्या दिवसांत प्रवेशद्वारं वाढली, एक्स-रे यंत्रं वाढली, सीआयएसएफचे (विमानतळांच्या सुरक्षेवर असलेल्या केंद्रीय दलाचे) जवान वाढले, गर्दीच्या तासांतली काही उड्डाणं कमी करायला सांगितलं गेलं आणि कोणत्या दारावर किती वेळ लागतोय हे दाखवणारे फलक लागले.

चर्चा झाली ती यंत्रांची. माझ्या मते त्या यादीतला सगळ्यात मोलाचा उपाय उड्डाणं विखरण्याचा, म्हणजे गर्दीच्या तासातून दुसऱ्या वेळेला हलवण्याचा होता. यंत्रं कमी पडल्यामुळे रांग लागते असं वरवर दिसतं, पण बहुतेक टर्मिनलमध्ये दिवसाचे पंधरा-सोळा तास तीच यंत्रं पुरून उरतात. अडचण होते ती दीड-दोन तासांची. त्या वेळात माणसं एकदम येतात आणि नेमके त्याच वेळी कर्मचारी पुरेसे नसतात किंवा चुकीच्या जागी उभे असतात. म्हणून आधी मोजायचं, मग विखरायचं, मग माणसं योग्य वेळी उभी करायची आणि तरीही भागलं नाही तर यंत्रं मागायची. हा क्रम मोडला की पैसा जातो आणि रांग तिथेच राहते.

हा लेख टर्मिनलमध्ये प्रत्यक्ष काम करणाऱ्यांसाठी आहे: ड्युटी मॅनेजर, विमान कंपन्यांचे आणि ग्राउंड हँडलिंगचे (सामान, ट्रॉल्या अशी जमिनीवरची कामं पाहणारे) कर्मचारी, एव्हिएशन शिकणारी मुलं. गणित आहे, पण बेरीज-वजाबाकी आणि भागाकारापलीकडे काही नाही.

पायरी १: प्रवाशाच्या वाटेने चाला

कागदावरचा नकाशा बाजूला ठेवा. गर्दीच्या वेळी रस्त्यापासून विमानाच्या दारापर्यंत बॅग घेऊन चाला आणि कुठे कुठे थांबावं लागतं ते लिहा. देशांतर्गत प्रवासात गाडीतून उतरण्याची जागा, प्रवेशद्वार, चेक-इन किंवा बॅग ड्रॉप, सुरक्षा तपासणी, बोर्डिंग गेट, मग एरोब्रिज किंवा बस असा क्रम असतो. आंतरराष्ट्रीय प्रवासात इमिग्रेशनची भर पडते.

आपल्याकडे प्रवेशद्वारावरच सीआयएसएफचा जवान तिकीट आणि ओळखपत्र पाहतो. तिकीट नसलेल्याला आत जाता येत नाही, त्यामुळे निरोप समारंभ बरोबर दाराच्या तोंडाशी होतो. मुलगा अमेरिकेला निघालेला असतो, घरचे आठ-दहा जण आलेले असतात, पाया पडणं, डबा देणं, फोटो काढणं चाललेलं असतं. त्यांना हटकून उपयोग नाही आणि हटकूही नये. दारापासून थोडं दूर, सावलीत, बाकं असलेली जागा निरोपासाठी द्या आणि रेलिंग अशी लावा की रांगेचं तोंड मोकळं राहील.

एका टप्प्याचा वेग वाढवला की रांग पुढच्या टप्प्यावर जाऊन उभी राहते, हे चालताना डोळ्यांना दिसतं. डिजियात्रा १ डिसेंबर २०२२ ला दिल्ली, बेंगळुरू आणि वाराणसीत सुरू झाली. पुण्यात ती २०२३ मध्ये आली. चेहरा दाखवून दारातून झटपट आत जाता येतं, ही खरी सोय आहे. पण आतली अंगझडती आणि बॅगतपासणी आहे तेवढाच वेळ घेते. दार मोकळं करून आतल्या तपासणीच्या लेन तेवढ्याच ठेवल्या तर उन्हातली रांग एसीमध्ये आणल्यासारखं होतं. प्रवाशाला तेवढाही दिलासा हवाच असतो, पण त्याचा एकूण वेळ मात्र कमी होत नाही.

पायरी २: मोजा, आणि सरासरीवर समाधान मानू नका

अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम रोज वापरता येतो. रांगेतली माणसं मोजा, दर मिनिटाला किती जण पलीकडे जातात ते मोजा आणि भागाकार करा. ६० माणसं उभी आहेत आणि मिनिटाला ४ जण सुटतात, तर शेवटच्या माणसाला १५ मिनिटं लागणार. यासाठी कॅमेरा, सेन्सर काही लागत नाही. सुपरवायझरच्या हातातलं घड्याळ पुरतं.

नेमकी नोंद हवी असेल तर रांगेच्या शेपटाला उभ्या असलेल्या दर दहाव्या प्रवाशाला वेळ लिहिलेली चिठ्ठी द्या आणि तपासणी झाल्यावर ती परत घ्या. बोर्डिंग पास स्कॅन होतो तिथे वेळेची नोंद आपोआप होते, ती माहिती मागून घ्या. मोठ्या विमानतळांवर छतावरचे सेन्सर माणसं मोजतात. पण सेन्सर बसले म्हणून चिठ्ठ्यांची पद्धत सोडू नका. सेन्सरचा आकडा बरोबर आहे का, हे तपासायला तीच कामी येते.

दिवसाची सरासरी ६ मिनिटं आली म्हणजे सगळं ठीक, असं नसतं. दुपारी रिकाम्या लेनमधून एका मिनिटात गेलेले लोक पहाटेच्या २५ मिनिटांना झाकून टाकतात. म्हणून दर अर्ध्या तासाचा आकडा वेगळा ठेवा आणि ‘१०० पैकी ९५ जण किती मिनिटांत सुटले’ असा प्रश्न विचारा. तुलनेसाठी आयाटाची (विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेची) मार्गदर्शक मोजपट्टी आहे: इकॉनॉमीच्या प्रवाशाला चेक-इन काउंटरवर १० ते २० मिनिटं, सुरक्षा तपासणीला ५ ते १० मिनिटं. त्याहून जास्त लागलं तर सेवा अपुरी. त्याहून फारच कमी लागलं तर खर्च गरजेपेक्षा जास्त होतोय. ही दुसरी बाजूही तितकीच खरी आहे.

पायरी ३: अर्ध्या तासाचा तक्ता मांडा

सगळ्यात जास्त फायदा या पायरीत आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

समजा, एका मध्यम टर्मिनलवरून सकाळी तीन विमानं सुटतात, प्रत्येकात १५० प्रवासी. प्रत्येक विमानाच्या सुटण्याच्या वेळेआधी १५० ते १२० मिनिटांत १५ जण सुरक्षा तपासणीला येतात, १२० ते ९० मध्ये ४५, ९० ते ६० मध्ये ६० आणि ६० ते ३० मध्ये ३० जण. (तुमच्या विमानतळाचे आकडे वेगळे असतील. ते दुसऱ्या पायरीतून मिळतात.) एक लेन तासाला १२० जणांना तपासते असं धरू. दोन लेन उघड्या असल्या की अर्ध्या तासात १२० जण सुटतात.

विमानं ६:००, ६:३० आणि ७:०० ला असतील तर अर्ध्या तासागणिक गर्दी अशी होते:

३:३० पासून १५
४:०० पासून ६०
४:३० पासून १२०
५:०० पासून १३५
५:३० पासून ९०
६:०० पासून ३०

फक्त एका अर्ध्या तासात १५ जण जास्त येतात. सगळ्यात जास्त थांबणं सुमारे ४ मिनिटांचं. कुणाची तक्रार येणार नाही.

आता दोन विमानं ६:०० ला आणि तिसरं ६:३० ला ठेवू. प्रवासी तेच ४५०, लेन त्याच दोन. ३:३० पासून दर अर्ध्या तासाची गर्दी होते ३०, १०५, १६५, १२०, ३०. पाच वाजता ४५ माणसं मागे उरतात, साडेपाचपर्यंत ती रांग तेवढीच राहते आणि थांबण्याचा वेळ ११ मिनिटांवर जातो.

तिसरा प्रसंग रोज कुठे ना कुठे घडतो. वेळापत्रक दुसऱ्या प्रसंगातलंच आहे, पण दुसरी लेन ४:०० ऐवजी ४:३० ला उघडली, कारण पाळी बदलायला उशीर झाला. मग साडेचारला ४५ जण उरतात, पाचला ९०, आणि साडेपाचपर्यंत ९० च. थांबण्याचा वेळ साडेबावीस मिनिटं. अर्धा तास उशिरा उघडलेल्या एका लेनने पुढच्या तासाभराची रांग दुप्पट केली. सहाच्या विमानाचं गेट २५ मिनिटं आधी, म्हणजे ५:३५ ला बंद होणार असेल, तर ५:१२ नंतर रांगेत आलेल्या त्या विमानाच्या प्रवाशाला ते गाठता येत नाही. शेवटच्या अर्ध्या तासात आलेल्या ६० पैकी निम्म्याहून जास्त जण यात अडकतात. हे लोक वेळेवर आलेले होते.

या तक्त्यावरून तीन निर्णय घ्यायचे.

पहिला, शक्य असेल तिथे विमानं विखरा. भारतात उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी संपतं, मग हिवाळी. स्लॉटची, म्हणजे कोणतं विमान किती वाजता सुटणार-उतरणार याची, बोलणी त्याआधी काही महिने होतात. टर्मिनलच्या माणसाने त्या बैठकीत हा तक्ता घेऊन बसायला हवं, कारण तिथे धावपट्टीची क्षमता मोजली जाते आणि लेनची मोजायची राहून जाते. अर्थात पुण्यासारख्या ठिकाणी धावपट्टी हवाई दलाची आहे आणि मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. तिथे स्लॉट मनासारखे मिळत नाहीत. मग पुढचे दोन निर्णय जास्त महत्त्वाचे होतात.

दुसरा, लेन उघडण्याची वेळ पाळीच्या वेळेवर सोडू नका, तक्त्यावरून ठरवा. रोज संध्याकाळी विमान कंपन्यांकडून उद्याच्या बुकिंगचे आकडे घ्या, अर्ध्या तासाचा तक्ता काढा आणि तोच कागद सीआयएसएफच्या अधिकाऱ्यांना द्या. ‘उद्या जास्त माणसं द्या’ अशी विनंती हवेत विरते. ‘४:०० ते ५:३० दुसरी लेन, १५ मिनिटं आधी तयार’ ही विनंती पूर्ण करता येते.

तिसरा, रिपोर्टिंगची वेळ प्रवाशांना विमानाप्रमाणे सांगा. दिल्लीच्या गोंधळात विमान कंपन्यांनी देशांतर्गत प्रवाशांनाही साडेतीन तास आधी यायला सांगितलं होतं. आणीबाणीत ते समजण्यासारखं आहे, पण कायमचा उपाय म्हणून ते चुकीचं आहे. सगळेच लवकर आले की गर्दी तशीच्या तशी मागे सरकते, आणि सकाळच्या सगळ्या विमानांचे लोक होल्ड एरियात (तपासणीनंतरच्या बसायच्या जागेत) एकत्र बसून खुर्च्या, शौचालयं आणि चहाचे स्टॉल भरून टाकतात.

पायरी ४: काठोकाठ भरू नका

तासाला १२० जणांची लेन तासाला ११४ जणांना पुरायला हवी, असं कागदावर वाटतं. प्रत्यक्षात माणसं ठरावीक अंतराने येत नाहीत. एखादं कुटुंब पाच बॅगा घेऊन येतं, मग दोन मिनिटं कुणीच नाही. रांगांच्या गणिताचा साधा ठोकताळा लावला तर, एका प्रवाशाला सरासरी ३० सेकंद लागत असताना, लेन ८० टक्के भरलेली असेल तर सरासरी थांबणं २ मिनिटं येतं. ९० टक्क्यांना साडेचार मिनिटं, ९५ टक्क्यांना साडेनऊ. शेवटच्या पाच टक्क्यांनी थांबणं दुप्पट होतं. म्हणून तक्ता मांडताना लेनची क्षमता ८० ते ८५ टक्केच धरा. वरच्या उदाहरणात मी पूर्ण धरली ती हिशेब सोपा राहावा म्हणून. तुम्ही धरू नका.

पायरी ५: सुरक्षा तपासणीची लेन जवळून पाहा

एका लेनजवळ वीस मिनिटं नुसतं उभं राहा. एक्स-रे यंत्र बंद पडलेलं क्वचित दिसेल. पट्टा थांबलेला मात्र वारंवार दिसेल. तो का थांबला, ते प्रत्येक वेळी लिहा.

बहुतेक वेळा कारण यंत्राच्या पुढे किंवा मागे असतं. पुढे ट्रे संपलेले असतात, कारण ते पलीकडच्या टोकाला साठले आहेत आणि परत आणणारा एकच आहे. किंवा ट्रे ठेवायला टेबल आखूड आहे, दोनच माणसं एका वेळी बॅग उघडू शकतात आणि तिसरा माणूस लॅपटॉप काढण्यासाठी आपली पाळी येईपर्यंत हात बांधून उभा राहतो. टेबल लांब करा. चार-पाच जणांना एकाच वेळी तयारी करता आली की यंत्र उपाशी राहत नाही. रांगेच्या मध्यावर एक माणूस उभा करा जो मराठी, हिंदी, इंग्रजीत सांगेल: ‘लॅपटॉप, मोबाईल, पॉवर बँक, पाकीट, पट्टा ट्रेमध्ये. पाण्याची बाटली रिकामी करा.’ हे वाक्य यंत्रापाशी सांगितलं तर उशीर झालेला असतो.

मागच्या बाजूला दोन गोष्टी अडतात. एक, बाजूला काढलेल्या बॅगा. उघडून तपासणारा एकच जवान असेल तर चौथ्या बॅगेनंतर रोलर भरतो आणि पट्टा थांबतो. गर्दीच्या दीड तासासाठी दुसरा जवान तिथे द्या. बॅगा कशामुळे बाजूला काढल्या जातात याची आठवडाभर नोंद ठेवा. पहिली तीन-चार कारणं ओळखीचीच निघतील आणि तीच चित्रासह रांगेच्या सुरुवातीला लावता येतील. दुसरी गोष्ट, कमरेचा पट्टा बांधणारे आणि बूट घालणारे लोक. रोलरपासून चार पावलं लांब बाकं ठेवली की ते आपोआप तिकडे सरकतात.

आता अंगझडती. आपल्याकडे प्रत्येक प्रवाशाची हातातल्या डिटेक्टरने तपासणी होते. महिलांची तपासणी पडद्याआड महिला जवान करते. महिला बूथ एक आणि पुरुषांचे दोन, अशी मांडणी बऱ्याच ठिकाणी ठरून गेलेली आहे. आखाती देशांच्या विमानांना कामगार पुरुष जास्त असतात तेव्हा ती चालते. सुट्टीच्या दिवसांत, किंवा सहलीचा महिलांचा मोठा गट असेल तेव्हा चालत नाही. बाईची बॅग यंत्रातून कधीच बाहेर आलेली असते, पण बाई बूथबाहेरच्या रांगेत उभी असते. बॅगा रोलरवर साठतात, पट्टा थांबतो आणि पुरुषांची रांगही अडते. बुकिंगच्या यादीतून स्त्री-पुरुषांचं प्रमाण आदल्या दिवशीच कळतं, त्यावरून बूथ ठरवा. आपली बॅग नजरेआड बेवारस पडली आहे ही धास्ती बायकांना उगीच सोसावी लागते, म्हणूनही हे महत्त्वाचं आहे.

लेन कितीही असोत, त्यांच्यासाठी नागमोडी रांग एकच ठेवा. वेगवेगळ्या रांगा लावल्या की एखाद्या लेनमध्ये बॅग अडकते आणि तिथल्या वीस जणांचंच नशीब फुटतं. एका रांगेत तो उशीर सगळ्यांत वाटला जातो आणि आधी आलेला आधी सुटतो. दर माणशी साधारण १ ते १.२ चौरस मीटर जागा धरा. वरच्या उदाहरणातल्या ९० माणसांना १०० चौरस मीटरच्या आसपास जागा लागेल. तेवढी नसेल तर शेपूट कुठे जाईल ते आधीच आखून ठेवा, नाहीतर ते चेक-इनच्या रांगेत घुसतं.

गेट बंद होत आलेल्या विमानाच्या प्रवाशांना बाजूला काढायला एक माणूस नेमा. त्याने रांगेच्या शेपटाकडून विमानाचा क्रमांक पुकारत यायचं. यामुळे क्षमता वाढत नाही, फक्त क्रम बदलतो, पण कुणाचं विमान तरी चुकत नाही. हे रोज करावं लागत असेल तर मात्र तिसऱ्या पायरीवर परत जा.

पायरी ६: एखादा टप्पाच काढता येतो का ते पाहा

जुन्या प्रवाशांना हँडबॅगेच्या टॅगवरचा सुरक्षा तपासणीचा शिक्का आठवत असेल. शिक्का नसला की बोर्डिंग गेटवरून परत पाठवायचे. १ एप्रिल २०१७ पासून मुंबई, दिल्लीसह सात विमानतळांवर तो बंद झाला. कॅमेऱ्यांची व्यवस्था पक्की करून एक आख्खं काम वगळलं गेलं. आपल्या टर्मिनलमध्ये तोच कागद दोनदा कुठे पाहिला जातो, ते शोधा. नियमाने बंधनकारक काय आणि सवयीने चालू काय, हे सुरक्षा अधिकाऱ्यांसोबत बसून वेगळं करा. नियमाला हात लावायचा नाही, सवय बदलता येते.

चेक-इनबद्दल थोडक्यात: ज्यांच्याकडे फक्त हँडबॅग आहे त्यांना काउंटरच्या रांगेत उभंच राहू देऊ नका, दारातच किऑस्ककडे (बोर्डिंग पास काढायच्या यंत्राकडे) किंवा थेट सुरक्षेकडे वळवा. बॅगेचं वजन करायचा काटा रांगेच्या आधी ठेवा. जास्तीचं सामान काउंटरसमोर फरशीवर उघडून बसलेलं कुटुंब हे चेक-इन रखडण्याचं नेहमीचं कारण आहे. सुकं खोबरं चेक-इनच्या बॅगेत चालत नाही आणि पॉवर बँक हँडबॅगेतच हवी, हे तिथेच मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा.

व्हीलचेअरची मागणी आधी कळते. मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या युरोप-अमेरिकेच्या विमानांना, मुलांकडे निघालेले आई-वडील मोठ्या संख्येने व्हीलचेअर मागतात. यादी हातात असताना खुर्च्या ढकलणारी माणसं अपुरी ठेवली, तर सत्तरीतल्या माणसांना काउंटरजवळ तासभर बसवून ठेवावं लागतं.

पायरी ७: उतरणाऱ्यांना विसरू नका

ब्युरो ऑफ सिव्हिल एव्हिएशन सिक्युरिटी या विमान वाहतुकीची सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेने २०२४ मध्ये विमान कंपन्यांना बजावलं की पहिली बॅग इंजिन बंद झाल्यापासून १० मिनिटांत आणि शेवटची ३० मिनिटांत पट्ट्यावर यायला हवी. या दोन वेळा प्रत्येक विमानासाठी लिहा. शेवटची बॅग रखडत असेल तर बहुधा ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर एकच असतो आणि तो दोन विमानांत वाटला गेलेला असतो. १८० आसनांची दोन विमानं पाठोपाठ उतरत असतील तर पट्टे वेगळे द्या. पट्ट्यापासून एक मीटरवर रेघ मारून तिथे उभं राहायला सांगा, म्हणजे बॅग आली की तिचा मालक पुढे येऊ शकतो.

मग गाडी. पुण्यात ॲपच्या टॅक्स्या टर्मिनलजवळच्या एरोमॉलच्या पार्किंगमधून मिळतात. प्रवास टर्मिनलच्या दाराशी संपत नाही, पार्किंगच्या लिफ्टपाशी आणि टॅक्सीच्या रांगेत तो चालू असतो. शेवटची बॅग आल्यापासून गाडीत बसेपर्यंतची मिनिटंही तुमच्याच वहीत हवीत.

पायरी ८: उलटा प्रवाह आखून ठेवा

हिवाळ्यात उत्तरेत धुकं पडतं आणि मुंबई-पुण्याची विमानं तासन्‌तास रखडतात. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा देशभरची टर्मिनलं उलटी भरली. सुरक्षा तपासणी होऊन आत बसलेल्यांना बाहेर आणायचं होतं, त्यांच्या बॅगा विमानाच्या बाजूने परत आणायच्या होत्या आणि दारातून नवे प्रवासी येतच होते. बाहेर नेताना प्रत्येकाची नोंद लागते, सोबत कर्मचारी लागतो. यासाठी वेगळी वाट, बॅगा परत देण्याचा ठरलेला पट्टा आणि तिकीट बदलण्याचं काउंटर आधी ठरवा. हे काउंटर चेक-इनच्या रांगेपासून लांब ठेवा. रद्द झालेल्या विमानाचे प्रवासी आणि वेळेवर सुटणाऱ्या विमानाचे प्रवासी एका रांगेत मिसळले की वेळेवर सुटणारंही रखडतं.

अशा वेळी प्रवाशांना खरी वेळ सांगा. ‘थोड्या वेळात कळवू’ असं दर दहा मिनिटांनी ऐकलेला माणूस काउंटर सोडत नाही, कारण आपण हललो तर घोषणा चुकेल अशी त्याला भीती असते. ‘पुढची माहिती ७:३० ला, याच जागी’ असं सांगून ती ७:३० ला दिली, माहिती काहीच नसली तरी दिली, की माणसं बसतात, जेवतात, घरी फोन करतात. रोजच्या रांगेतल्या फलकालाही हेच लागू आहे: १५ मिनिटं लागणार असतील तर १५ लिहा, ८ लिहू नका.

गर्दीचा तास ओसरला की विमान कंपन्या, सीआयएसएफ आणि ग्राउंड हँडलिंगमधला एकेक जण दहा मिनिटं उभ्या उभ्या भेटा. तक्त्यात लिहिलेली रांग आणि प्रत्यक्ष लागलेली रांग शेजारी शेजारी मांडा, फरक कुठल्या अर्ध्या तासात पडला ते पाहा आणि उद्याचा तक्ता त्याप्रमाणे दुरुस्त करा.